रिकामी पात

वामनभाऊंनी गोडाऊन रिकामं केलं, त्या दिवशी आम्ही बाराही जणींनी टाळ्या वाजवल्या. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो. पण खोटं कशाला सांगू, वाजवल्या.

आमचा कारखाना म्हणजे गडचांदूरच्या रस्त्यावरचं पत्र्याचं एक शेड. तिथं सिमेंटची पोती शिवली जातात. कापलेलं आणि छापलेलं कापड पलीकडच्या शेडमधून गठ्ठ्यानं येतं. आम्ही ते उघडायचं, वरचा एक कोपरा आत दुमडायचा, म्हणजे सिमेंट भरणाऱ्या नळीला पोत्यात शिरायला तोंड मिळतं. मग दोन्ही टोकं शिवायची, लोंबते धागे कापायचे, तपासायचं आणि पंचवीसची गड्डी बांधायची. बारा बाया, बारा कामं. वामनराव मालक, पण साहेब म्हटलेलं त्यांना आवडत नाही, भाऊ म्हटलेलं आवडतं. भाऊसारखे वागतात की नाही, ते तुम्हीच पुढं ठरवा.

पूर्वी महिनाभराची पोती शिवून आम्ही गोडाऊनमध्ये थेट पत्र्यापर्यंत रचून ठेवत असू. उंदीर खालच्या गड्ड्यांत पिल्लं घालायचे. पावसाळ्यात छपाई पुसली जायची. मशीनची सुई वाकडी झाली आणि टाका सैल पडायला लागला, तर ते महिन्यानं कळायचं, तोवर हजारो पोती तशीच शिवून झालेली. मग दोन दिवस उसवत बसा. आणि त्या भरलेल्या गोडाऊनचा आणखी एक गुण होता, तो आम्ही चांगलाच भोगला होता. एका उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी आम्ही दोन दिवस मशीन बंद करून बसलो. भाऊंनी आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. गोडाऊनमधला माल गाड्यांत भरत राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही मुकाट्यानं मशीनवर बसलो आणि पाणी घरूनच आणत राहिलो.

मग सिमेंट कंपनीनं सांगितलं की यापुढे ते पोती साठवून ठेवणार नाहीत. दिवसातून दोन गाड्या पाहिजेत, अकराची आणि तीनची. लागेल तेव्हा, लागेल तेवढं. त्यांच्याकडं फक्त दोन तासांचा माल शिल्लक असणार. आम्हीही साठा करायचा नाही. हे शिकवायला भाऊंनी नागपूरहून प्रणित सरांना आणलं. सडपातळ माणूस, गळ्यात घड्याळ, बोलायला गोड. आम्हाला ओळीनं बसवून म्हणाले, "साठा म्हणजे पांघरूण असतं ताई. त्याच्याखाली सगळ्या चुका झोपलेल्या असतात. आपण पांघरूण काढू."

त्यांनी जमिनीवर प्रत्येक दोन बायांच्या मध्ये पिवळ्या रंगाची चौकट आखली. चौकटीत एकच गड्डी मावेल. चौकट रिकामी झाली की पुढची बाई माल मागते आहे असं समजायचं आणि काम करायचं. चौकट भरलेली असेल तर हात बांधून बसायचं. भिंतीवर एक फळा आला, त्यावर तीन रकाने: वेळ, कारण, किती मिनिटं. रोज संध्याकाळी त्याचा फोटो कंपनीत जायचा. आणि आमच्या डोक्यावरून एक लाल दोरी गेली. कुणालाही चूक दिसली की तिनं दोरी ओढायची, सगळी लाइन बंद. फळ्याखाली सरांनी स्वतःच्या हातानं नियम रंगवले. चौथा नियम असा होता: फळ्यावरचं कारण दूर झाल्याशिवाय लाइन सुरू होणार नाही.

हे सगळं उपयोगाचं होतं, तेही सांगते. उंदीर गेले. सैल टाका त्याच घटकेला सापडायला लागला. कंपनीतून परत येणारी पोती जवळजवळ बंद झाली. शेडमध्ये चालायला जागा झाली, वारा यायला लागला. म्हणूनच तर टाळ्या वाजवल्या.

आता गुणाबाईचं सांगते. गुणाबाई कोपरा दुमडायची. हे काम हातानंच करावं लागतं आणि लाइनच्या बरोबर मध्ये येतं. तिचं माहेर सिंदेवाहीकडचं, धानाच्या मुलखातलं. अठरा वर्षं ती या शेडमध्ये आहे. शेडची किल्लीही तिच्याच कमरेला. सकाळी सगळ्यांत आधी येऊन ती कुलूप काढायची. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. नंतर तीन महिने मला मशीनची भीती वाटायची, पायच पडायचा नाही. त्या तीन महिन्यांत माझ्या वाटची निम्मी पोती गुणाबाई शिवायची आणि माझ्या गड्डीत सरकवायची. एका शब्दानं कधी कुणाला बोलली नाही, मलाही नाही. आता तिची बोटं वाकली होती. कोपरा नीटच दुमडायची, पण वेळ लागायचा.

तरी तिचं काम कधी मागं पडलेलं दिसलं नव्हतं, कारण आम्ही ते दिसू दिलं नव्हतं. आमच्याकडं कपाशी निंदायला बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीला कपाशीच्या दोन-तीन ओळी वाटून येतात, ती तिची पात. एखादी मागं पडायला लागली की तिच्या दोन्ही बाजूच्या बाया न विचारता तिची एकेक ओळ आपल्याकडं घेतात. तिची पात अरुंद होते, यांची रुंद होते आणि धुऱ्यावर, शेताच्या टोकाच्या बांधावर, सगळ्या एकदमच पोचतात. यावर कुणी बोलत नाही. बोललं तर त्या बाईची लाज जाते. आम्ही शेडमध्ये आलो तरी हात तेच होते. गुणाबाईच्या अलीकडं कांता, पलीकडं मी. तिच्या ढिगातली चार पोती कांता दुमडायची, चार मी. बस.

आणि इथंच आमची चूक झाली. नवी पद्धत सुरू करण्याआधी सर एक आठवडाभर घड्याळ घेऊन आम्हाला मोजत होते. आम्ही नेहमीसारखंच केलं. ते गुणाबाईकडं वळले की कांता तिच्यापुढं आधीच दुमडलेली पोती सरकवायची आणि ती नुसती हात फिरवायची. त्यांच्या कागदावर बाराच्या बारा बाया सात-सात सेकंदांच्या निघाल्या. सर हरखून गेले. "बारा जणींचा वेग इतका सारखा मी कुठंच पाहिला नाही," म्हणाले. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. त्या कागदावरून त्यांनी ठरवलं की दर सात सेकंदांनी एक पोतं पुढं गेलं पाहिजे. मशीन सरळ रेषेत लावल्या, दोन-दोन हातांवर, आणि जमिनीत स्क्रू ठोकून पक्क्या केल्या. आम्ही हसत हसत गुणाबाईचा गळा कागदाला बांधून दिला होता आणि आम्हाला ते कळलंही नव्हतं.

पहिल्याच दिवशी ते उघडं पडलं. गुणाबाईच्या अलीकडची चौकट भरलेली, पलीकडची रिकामी. कांता हात बांधून बसलेली, मी पोत्याची वाट पाहत बसलेली. मदत करायला हात पुरेना आणि उठून गेलं तर आपली जागा रिकामी. अकराची गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी सर गुणाबाईच्या पाठीशी घड्याळ घेऊन उभे राहिले. अकरा सेकंद. पुन्हा अकरा. मग बारा. गुणाबाईची मान खाली गेली ती वर झालीच नाही. अठरा वर्षांत तिची मान मी अशी पाहिली नव्हती.

संध्याकाळी भाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी न बोलावता मागं गेले.

"गुणाबाई, आता तुमचं वय झालं," भाऊ म्हणाले. "घरी आराम करा. सोमवारपासून येऊ नका."

"मले आराम करता येत नाई, भाऊ," गुणाबाई म्हणाली. "सवयच नाई."

मला राहवलं नाही. "भाऊ, यायले काढलं तं मंग सगळ्यात मागं कोन राहीन?"

"कोनीच नाई राहनार."

"काऊन नाई? अकरा बाया राह्यल्या तरी त्यातली एक सगळ्यात हळू असनच ना. मंग तिले काढान. मंग दहा. असं करता करता तुमी एकटेच राहान शेडात. अन् तवा सगळ्यात हळू तुमीच असान."

भाऊंचा चेहरा लाल झाला. प्रणित सर कोपऱ्यात बसले होते, त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं. मग मी त्यांच्याकडं वळले आणि मोजणीच्या आठवड्यात आम्ही काय केलं ते सगळं सांगून टाकलं. त्यांचं हसू मावळलं.

"म्हणजे तुम्ही मला फसवलं, ताई?"

"फसवलं नाई, सर. तुमी एकेकीले मोजलं. आमी एकेकट्या कामच करत नाई."

सरांनी हातातला कागद दुमडून खिशात घातला. मग भाऊंना म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबा. मोजणीच चुकली असेल तर चूक माझी आहे."

"सोमवारची अकराची गाडी वेळेवर भरली तं ठीक," भाऊ म्हणाले. "नाई तं गुणाबाई घरी."

रविवारी दुपारी आम्ही शेडमध्ये जमलो. किल्ली गुणाबाईकडेच होती, परवानगी कुणाला मागायची? कांतानं घरून पाने-पेचकस आणले होते. मशीनचे स्क्रू काढायला घेतले, तेव्हा गुणाबाई दारात उभी राहून म्हणाली, "काऊन करून राह्यल्या वं हे? माह्यासाठी तुमच्याच पोटावर पाय यायचा."

"तुमी गप बसा, बाई," कांता म्हणाली. "मले हात बांधून बसनं जमत नाई, मी माह्यासाठी करून राह्यली."

सरळ रेष मोडून आम्ही मशीन घोड्याच्या नालासारख्या वळवून लावल्या. गुणाबाईला बरोबर नालाच्या पोटात बसवलं. आता कांताचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता आणि माझा हात तिच्या ढिगापर्यंत पोचत होता. पिवळा रंग नव्हता, म्हणून नव्या चौकटी खडूनं आखल्या. नियम एकही मोडला नाही. चौकटीत एकच गड्डी, मागितल्याशिवाय करायचं नाही. फक्त कांताचा किंवा माझा हात रिकामा झाला की गुणाबाईच्या वाटचं एक पोतं आम्ही घ्यायचं. तिची पात अरुंद, आमची रुंद. आमच्यातल्या रिनानं टोकाला बसून पाहिलं, तर तिला पहिलीचं आणि शेवटचीचं दोघींचंही काम दिसत होतं. "हे तं आधीच करायले पायजे होतं," ती म्हणाली.

सोमवारी भाऊ आले आणि उखडलेले स्क्रू पाहून ओरडायला लागले. आम्ही ओरडू दिलं. हात थांबवले नाहीत. अकराची गाडी अकराला वीस मिनिटं कमी असतानाच भरून झाली. भाऊ मग गाडीभोवती एक फेरी मारून आले, गड्ड्या मोजल्या आणि केबिनमध्ये गेले.

प्रणित सर मात्र लाइनभोवती लहान पोरासारखे फिरत होते. "अहो ताई, हे पुस्तकात आहे! परदेशातल्या मोठमोठ्या कारखान्यांत अशीच वळणाची लाइन असते. एकीनं दुसरीला हात द्यायचा!"

"त्यायनं बी कपाशी निंदली असन कधी," मी म्हटलं.

तीन आठवडे फार चांगले गेले. एकही गाडी चुकली नाही. कंपनीचे दोन साहेब येऊन फोटो काढून गेले. भाऊंच्या केबिनमध्ये काचेत मढवलेला कागद लागला आणि आम्हाला आलुबोंडे मिळाले. गुणाबाईची मान वर आली होती. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. माझ्यासारखी अक्कलवान बाई, आणि तीही असं म्हणून बसली.

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी केबिनमधून आवाज यायला लागला. भिंत प्लायवूडची, सगळं ऐकू येतं. सरांनी नवा तक्ता करून दिला होता. आता बारा बायांची मिळून रोज इतकी मिनिटं मोकळी राहतात, असं त्यात होतं. भाऊंनी त्याचा अर्थ लावला होता.

"म्हनजे अकरा बायांत भागते," भाऊ म्हणाले.

"भागेल," सर म्हणाले. "पण पद्धतीत असं आहे की मोकळी झालेली बाई काढायची नाही. तिला दुसरं काम द्यायचं. नाहीतर उद्या या बाया कशाला काही सुधारून दाखवतील?"

"पद्धत तुमची, सर. शेड माझं."

सर पुढं काही बोलले नाहीत. मी किती वेळ वाट पाहिली, बोलले नाहीत.

सुटी झाली तेव्हा भाऊ दारात उभे होते. गुणाबाई कुलूप लावायला गेली, तर त्यांनी हात पुढं केला. "किल्ली द्या. उद्यापासून मीच उघडत जाईन." गुणाबाईनं कमरेची किल्ली सोडली. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. आम्ही अकरा जणी नुसत्या बघत उभ्या राहिलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतकी लाज मला सुई बोटातून गेली तेव्हाही वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी शेड उघडंच होतं. गुणाबाईचं स्टूल जागेवर नव्हतं. रस्त्याच्या पलीकडं पुलाच्या कठड्यावर गुणाबाई मात्र बसलेली होती, मांडीवर डबा घेऊन. अंगावर पांढरं लुगडं. ते लुगडं ती वर्षातून एकदाच नेसते, चौदा एप्रिलला, मिरवणुकीत. आता एप्रिल नव्हता. तिनं आमच्याकडं पाहिलं, हात केला नाही.

"कोपरा कोन दुमडन?" रिनानं भाऊंना विचारलं.

"कांता अन् रंजीता करूनच राह्यल्या ना इतके दिवस," भाऊ माझ्याकडं बोट करत म्हणाले. "चाला, लागा कामाले. अकराची गाडी हाये."

आम्ही सुरू केलं. खरं तेच सांगते: काम चाललं. कांता दोन कोपरे दुमडायची, मी एक. पहिली गड्डी बाहेर गेली, दुसरी गेली. अकरा जणींत भागत होतं. मला तेच सोसवेना. अडलं असतं तर भाऊंनी तिला आपणहून परत बोलावलं असतं. आम्ही तिच्यासाठी जे वळण केलं होतं, तेच वळण आता तिच्याशिवाय छान चाललं होतं, आणि माझा हात दर वेळी त्या मोकळ्या जागेवरून पलीकडं जात होता. शेतात कुणी पात सोडून गेलं तर तिथं गवत उभं राहतं, सगळ्या जगाला दिसतं. इथं काहीच दिसत नव्हतं.

मी मान वर केली. समोर गोडाऊनचं दार उघडं होतं. आत काही नव्हतं. झाडलेली फरशी, वरून पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन, आणि एकही पोतं नाही. मी त्या रिकाम्या गोडाऊनकडं पाहत राहिले. पाण्याच्या टाकीसाठी आम्ही दोन दिवस बसलो होतो ते आठवलं. तेव्हा ते पत्र्यापर्यंत भरलेलं होतं.

मी उठले आणि लाल दोरी ओढली.

मशीन एकेक करून थांबल्या. दोरी ओढून खिळ्याला अडकवायची पद्धत होती. पण खिळ्यावरून ती कुणीही सोडवली असती, म्हणून मी ती मुठीला दोन वेढे देऊन धरून ठेवली. "कांता," मी म्हटलं, "फळ्यावर लिही. नऊ वाजून दहा मिनिटं. कारन: पात रिकामी."

कांतानं लिहिलं. तिचं अक्षर मुंग्यांसारखं आहे, पण लिहिलं.

भाऊ केबिनमधून धावत आले. "काय तुटलं?"

"मधातली बाई," मी म्हटलं.

"रंजीता, सोड ते दोरी. नाटकं नको करू."

"कोनीबी ओढू शकते असं लिहून हाये, भाऊ. नियम पयला."

ते इतर बायांकडं वळले. "तुमी काऊन बसल्या? चाला, मशीन चालू करा!"

रिनानं आपल्या पुढच्या चौकटीकडं बोट दाखवलं. "चौकट भरून हाये, भाऊ. पुढची मागत नाई तवर करायचं नाई. तुमीच तं सांगतलं." आणि तिनं सरांनी शिकवल्याप्रमाणे हात बांधले. मग शेजारचीनं बांधले. मग तिच्या शेजारचीनं. हात बांधून बसायला आम्हाला इतकं कधीच आवडलं नव्हतं.

"मी राजुऱ्याहून दुसऱ्या बाया आनीन," भाऊ म्हणाले. "आज आनीन. तुमाले काय वाटते?"

"आना ना. शिकवा त्यायले कोपरा दुमडायले," मी म्हटलं. "फक्त अकराले किती येळ हाये ते पाह्या."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. मग त्यांचीही नजर गोडाऊनकडं गेली, आपोआप, जुनी सवय. तिथं काही नव्हतं. त्यांना तेव्हा कळलं, मी पाहिलं ते. इतक्या वर्षांत आमच्या थांबण्यानं त्यांचं कधी काही अडलं नव्हतं. आज अडणार होतं, आणि ते त्यांनीच करून ठेवलं होतं.

केबिनमधला फोन वाजला. त्यांनी उचलला. "हो साहेब... गाडी निघते अकराला, साहेब... नाही, थोडा प्रॉब्लेम..." बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. प्रणित सर आतापर्यंत भिंतीला टेकून उभे होते. भाऊ त्यांच्यावरच उखडले. "सर, सांगा ना यायले! तुमचीच पद्धत हाये ना?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या मुठीतल्या दोरीकडं पाहिलं. मला वाटलं, पुन्हा गप्प बसणार. पण ते फळ्याजवळ गेले आणि चौथ्या नियमावर बोट ठेवलं.

"कारण दूर झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही," ते म्हणाले. "मीच लिहिलंय. काल हे बोलायला पाहिजे होतं मी."

माझी बोटं बधिर झाली होती, दोरी मांसात रुतत होती. मी हात बदलला नाही. मग भाऊ दाराकडं गेले, रस्ता ओलांडला. आम्ही सगळ्या दारात गोळा झालो, मी दोरी ताणत पुढं झाले. पुलाजवळ भाऊ उभे, गुणाबाई बसलेली. मधून सिमेंटचे ट्रक जात होते, धुळीत दोघं दिसेनासे व्हायचे आणि पुन्हा दिसायचे. गुणाबाई उठत नव्हती. काय बोलणं झालं ते आम्हाला नंतर तिनंच सांगितलं. भाऊ म्हणाले, "चला." ती म्हणाली, "किल्ली?" एवढंच.

धूळ खाली बसली तेव्हा भाऊंचा हात खिशात होता. मग तो बाहेर आला.

गुणाबाई आली ती पांढऱ्या लुगड्याच्या कमरेला किल्ली खोचत आली. मागून भाऊ. केबिनच्या मागं टाकलेलं स्टूल त्यांनी स्वतः उचलून आणलं आणि मध्ये ठेवलं. आम्हाला वाटलं, आता ती बसणार. ती फळ्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला वाचता येतं, तिच्या बापानं शिकवलं होतं. तिनं सगळं वाचलं आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तो कोरा होता.

"हे कोन भरन, भाऊ?"

भाऊंनी घड्याळ पाहिलं. खडू घेतला. किती मिनिटं, त्याखाली लिहिलं: सत्तेचाळीस.

"अन् कारन बी तुमीच लिवा," गुणाबाई म्हणाली. "ह्याचा फोटो वर कंपनीत जाते ना? कांताचं अक्षर त्यायले लागनार नाई."

अकराची गाडी माल भरायला येऊन बाहेर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. भाऊंनी कांताचं अक्षर पुसलं. मला वाटलं, आता दुसरंच काही लिहितील, मशीन बिघडली, धागा संपला. त्यांचा हात फळ्यावर थांबला. गुणाबाई बाजूलाच उभी होती, हाताची घडी घालून. मग त्यांनी मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं: पात रिकामी.

गुणाबाईनं ते एकदा वाचलं. स्टुलावर बसली, पदर खोचला आणि पहिलं पोतं पुढं ओढलं.

मग मी दोरी सोडली.